सुईच्या टोकावर दीडशे वर्षं: एअरब्रशची गोष्ट

फोनमधल्या फोटो ॲपमध्ये एअरब्रश नावाचा एक पर्याय असतो बघा. बोट फिरवलं की मुरमं गायब! आज मी बोलणार आहे त्या खऱ्या, धातूच्या एअरब्रशबद्दल. दिसायला पेनासारखा, पण कागदाला कधीच न टेकणारा.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १८७६ मध्ये फ्रान्सिस स्टॅन्लीने रंग फवारणाऱ्या एका उपकरणाचं पेटंट घेतलं. पुढे जुळ्या भावाबरोबर वाफेवर चालणाऱ्या मोटारी बनवणारा तो हाच स्टॅन्ली. त्यानंतर काही वर्षांतच आयोवातल्या ॲबनर पीलरने चित्रकामासाठी स्वतःचं यंत्र तयार केलं, आणि लिबर्टी वॉकअपने त्याचे हक्क घेऊन ते सुधारलं. पण आजच्या एअरब्रशचा खरा सांगाडा आला १८९२ मध्ये, चार्ल्स बर्डिककडून. दुसऱ्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात थेयर अँड चँडलर कंपनीने तो लोकांपुढे मांडला.

आता आत डोकावू या. पुढे एक बारीक नोझल. बारीक कामाच्या एअरब्रशमध्ये त्याचं भोक जेमतेम ०.२ मिलिमीटर असतं. त्यात एक निमुळती सुई बसते. ट्रिगर खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई सरकते आणि रंगाला वाट मिळते. नोझलभोवतून हवा जोरात गेली की तिथला दाब कमी होतो, रंग ओढला जातो आणि त्याचं धुकं होतं. बस्स, एवढंच तत्त्व.

मग अवघड काय आहे? जुळणी! नोझल पान्याने जरा जास्त आवळलं, तर नाजूक आटे तुटतात. सुई जोरात आत ढकलली, तर नोझलचं तोंडच फाकतं. सुईभोवतीचं पॅकिंग ढिलं राहिलं तर रंग मागे गळतो. घट्ट झालं तर ट्रिगर अडखळतो. किती आवळायचं, ते शेवटी बोटांनाच कळतं. म्हणून भाग मशीनवर कातले, तरी चांगले एअरब्रश आजही माणूस हाताने जुळवतो आणि हातानेच तपासतो.

तपासणीही ऐकण्यासारखी आहे. आधी कान लावायचा: ट्रिगर न दाबता हवेचा सुस्कारा येतोय का? मग कपात द्रव घालून फवारायचं. कपात बुडबुडे आले, तर हवा नको त्या वाटेने शिरतेय. शेवटी शाई आणि कागद: ठिपके, केसासारखी रेघ, मग बारीक रेघेतून रुंद, विरत जाणारा पट्टा. फवारा एका बाजूला झुकला, तर बहुधा सुईचं टोक वाकलंय किंवा नोझलला इजा झालीय. मग पुन्हा उघडा, पुन्हा जुळवा.

आणि एवढ्या अचूकतेचं माणसाने केलं काय? स्टालिनचा मॉस्को कालव्याकाठचा एक फोटो आहे. शेजारी त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख निकोलाय येझोव. १९४० मध्ये येझोवला गोळी घातली गेली, आणि फोटोतूनही तो नाहीसा झाला. त्याच्या जागी नुसतं पाणी! धारदार पातं आणि एअरब्रश, हीच त्या काळातली फोटो पुसायची हत्यारं.

मला यातलं हेच अस्वस्थ करतं. रेघ तपासणाऱ्या कारागिराला ती रेघ पुढे काय रंगवेल, कुणाला पुसेल, हे कधीच ठाऊक नसतं. पेणच्या कारखान्यात मूर्तीच्या गालावर हलकी छटा चढते, तीही अशाच सुईतून. अवजार तेच, हात वेगळे.

आता ॲपमधल्या त्या पर्यायाला बोट लावाल, तेव्हा आपण काय पुसतोय एवढं जरा बघा. भेटू पुढच्या भागात!