अंजनेरी मंदिरसमूह
नाशिक जिल्ह्यातील यादवकालीन हिंदू व जैन मंदिरांचा समूह. नाशिक–त्र्यंबकेश्वर रस्त्यालगतच्या अंजनेरी गावात, डोंगराच्या पायथ्याशी. बरीच देवळे ढासळलेली. सुटे कोरीव दगड आवारातच पडून आहेत. सर्वांत मोलाचा आहे एका जैन मंदिरातील संस्कृत शिलालेख (शके १०६३, इ.स. ११४१-४२). यादव राजा सेउणचंद्राच्या काळी आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या देवळाला दुकाने दान दिल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे या आडगावी तेव्हा नांदती पेठ असणार. अशा देवळांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतात खरे, पण लेखाचे हे देऊळ तरी यादवांचा मंत्री हेमाद्री (हेमाडपंत) याच्या शतकभर आधीचे. हनुमानाचे जन्मस्थान मानलेला डोंगर चढणारे बहुतेक जण देवळांकडे न वळताच पुढे जातात. डोंगरवाटेवर जैन लेणेही आहे.