मागावरून चुलीकडे

शहराचा इतिहास शोधायचा म्हटले की आपण किल्ले, सनदा आणि दप्तरे यांच्याकडे धाव घेतो. स्वयंपाकघराकडे सहसा कोणी वळत नाही. वास्तविक बखरकाराने ज्यांची दखल घेतली नाही अशा माणसांची नोंद पुष्कळदा त्यांच्या कालवणानेच ठेवलेली असते. नागपूरच्या सावजी रश्श्याविषयी मला असेच वाटत आले आहे.

बाहेरगावच्या पाहुण्याला सावजी म्हटले की एकच गोष्ट आठवते : तिखट! डोळ्यांना धार लागते, नाक गळू लागते, आणि तरी हात काही थांबत नाही. परंतु हा रस्सा ज्यांच्या चुलीवर जन्मला ते आचारी नव्हते की खानावळवाले नव्हते. ते विणकर होते. भोसल्यांच्या राजधानीत हलबा कोष्टी मंडळींचे माग चालत आणि नागपूर, उमरेड, पवनी येथील रेशीमकाठी धोतरांना दूरवर मान असे. पुरुष मागावर बसे, घरच्या बाया कांड्या भरीत. खूर, मुंडी, कलेजी, आतडी, जे स्वस्तात पदरात पडेल ते घरी येई. त्याला चव आणायची ती मसाल्यानेच. धने, मिरे, लवंग, दगडफूल, खसखस, सुके खोबरे हे सारे भाजून पाट्यावर वाटायचे आणि जवसाच्या तेलात परतायचे. मांस नसेल त्या दिवशी त्याच रश्श्यात पाटोड्या सोडायच्या.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि दरबारचे गिऱ्हाईक गेले. पुढे कापसाचा जमाना आला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि न्यू ऑर्लीन्ससारख्या बंदरांतून विलायतेला जाणारा कापूस अडला. तेव्हा इंग्रज गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ साली नागपुरास आगगाडी आली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणीने हजारोंना रोजगार दिला हे खरे. पण गिरणीच्या कापडाशी स्वस्ताईत झुंजणे हातमागाला जड गेले हेही तितकेच खरे. विसाव्या शतकात मागांची खटखट जशी मंदावत गेली तशी गोळीबार चौक, इतवारी, पाचपावली या बाजूंना कोष्ट्यांच्या घराघरांतून चुली पेटल्या, आणि घरची भाजी पैसे घेऊन परक्याच्या पानात पडू लागली. कांड्या भरणारा हात आता पाटा-वरवंट्याने घर चालवू लागला.

कापसाच्या निमित्ताने न्यू ऑर्लीन्सचे नाव निघालेच आहे, तर तिथल्या स्वयंपाकघरातही जरा डोकावू. तिथे दोन पाकपद्धती शेजारी नांदतात. शहरातली ती क्रिओल. फ्रेंच आणि स्पॅनिश घरांतून, पण बहुतांशी गुलाम आफ्रिकी आचाऱ्यांच्या हातांनी घडलेली. ‘गंबो’ हे तिथल्या प्रसिद्ध कालवणाचे नावच मुळी आफ्रिकेतले, त्याचा अर्थ भेंडी! दलदलीच्या मुलखातली ती केजन. कॅनडाच्या किनाऱ्यावर अकेडिया प्रांतात राहणाऱ्या फ्रेंच शेतकऱ्यांना इंग्रजांनी १७५५ पासून घरादारांतून हुसकून लावले. त्यांतली काही कुटुंबे भटकत भटकत लुइझियानात पोचली. ‘अकेडियन’चे झाले ‘केजन’. मिळेल तो मासा, मिळेल ते मांस आणि चरबीत काळसर होईतो परतलेले पीठ यांवर त्यांनी संसार उभा केला. सावजी रश्श्याचा गडद रंग आठवावा, म्हणजे हे नाते मी का जोडतो ते वाचकांच्या ध्यानी येईल.

मध्यंतरी नागपूरच्या नव्या वस्तीत नुकत्याच उघडलेल्या एका वातानुकूलित सावजी भोजनालयात जाण्याचा योग आला. रस्सा उत्तम होता हे प्रथमच सांगून टाकतो. मिरची पुढे पुढे करीत नव्हती. मिरे आणि लवंग मागाहून सावकाश चढत होती. भिंतीवर काचेच्या पेटीत एक लाकडी वस्तू टांगलेली होती. ‘हे काय रे?’ म्हणून मी वाढणाऱ्या पोराला विचारले. तो म्हणाला, “होडी होय ना काकाजी! शोभेसाठी लावली.” तो मागावरचा धोटा होता.

त्या पोराला मी दोष देत नाही. एम्प्रेस मिल १९८६ साली सरकारी महामंडळाच्या हाती गेली, २००२ साली बंद पडली, आणि आज त्या जागी मोठा मॉल उभा आहे. त्याने धोटा पाहावा तरी कुठे?

लुइझियानातही असेच व्हायचे होते. १९२१ च्या राज्यघटनेने तिथल्या शाळांत इंग्रजी सक्तीची केली; फ्रेंच बोलणाऱ्या केजन पोरांना शिक्षा होत. पण १९६८ साली त्याच राज्याने फ्रेंच भाषा जगविण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. त्यानंतर, १९७९ साली, पॉल प्रुडोम या केजन शेतकऱ्याच्या मुलाने न्यू ऑर्लीन्समध्ये भोजनगृह काढले, आणि त्याच्या मसालेदार करपविलेल्या माशाचे असे वेड पसरले की त्या माशाच्या धरपकडीवर सरकारला निर्बंध घालावे लागले. जिभेचे कौतुक आले, पण त्याआधी त्या माणसांच्या भाषेची कोणी तरी चिंता वाहिली होती.

आमच्याकडे जिभेचे कौतुक भरपूर झाले आहे. ‘सावजी’ ही अक्षरे पुण्या-मुंबईच्या पाट्यांवर झळकतात, आणि त्यावर कित्येक कोष्टी घरांची पोटे भरली याचा मला आनंदच आहे. परंतु ज्या नगरीचे नाव धोतरांच्या काठांनी गाजविले, तिने निदान एक चालता हातमाग, चार जुनी धोतरे आणि कांड्या भरणाऱ्या आजीबाईंच्या तोंडची हकीकत जतन करून ठेवायला हरकत नसावी. अशा आजीबाई अजून काही घरांतून आहेत. त्यांच्याकडे वहीपेन्सिल घेऊन जायला कोणी तरी निघाले पाहिजे. जेवण तर तिथे मिळेलच.