लहान पैलवान आणि जोड लावणारी माणसं

केदारखेड्याहून आम्ही बोलतोय. आजचा विषय कुस्तीचा आहे. "कुस्ती म्हणजे बाप्यांचं काम, आम्हाला काय त्याचं," असं म्हणून उठू नका. पैलवानाचं दूध-तूप कुणाच्या चुलीवरून जातं? बदाम कोण भिजवतं? लंगोट कोण धुतं? तालमीच्या हौदातली लाल माती मळतात तिच्यात हळद, ताक, लिंबू, तेल, कापूर पडतो. हे सगळं आपल्याच घरातून जातं. तरी त्या हौदात बाईनं पाय ठेवायचा नाही, असा जुना दंडक. म्हणून म्हटलं, या खेळाचा इतिहास एकदा आपल्या बाजूनं सांगावा.

जत्रेतला फड तुम्ही सगळ्यांनी लांबून का होईना पाहिलाय. सकाळी सुरुवात होते ती रेवड्यांच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची पोरं, नाक गळतंय, लंगोट सुटतोय, आणि जिंकला की मूठभर रेवड्या. मग नारळाची कुस्ती, मग रुपयांची, आणि दिवस कलताना शेवटची मोठी. यात एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या मातीवर कुणी वय विचारत नाही. पंच दोन पोरांना शेजारी उभं करतात, खांदा बघतात, मांडी बघतात आणि हाताला हात लावून देतात. याला जोड लावणं म्हणतात. काटा नाही, कागद नाही, जाणत्या माणसाची नजर हेच माप. त्यामुळं सहावीतला मुलगा दहावीतल्याशी भिडलेला गावोगाव दिसायचा आणि कधीकधी त्याला चीतही करायचा.

हे होतं कसं? आपल्याला वाटतं, मोठं ते जिंकणार. पण कुस्तीत पाठ टेकवायची असते, आणि पाठ टेकवायला नुसती ताकद पुरत नाही. समोरचा पुढं रेटत आला की त्याचाच जोर वापरून त्याला ओढायचं, आतली टांग लावायची, नाहीतर खाली वाकून पट काढायचा. बुटक्या पोराला वाकायला कमी लागतं. पाण्यानं भरलेली घागर डोक्यावर घेऊन चिखलातून चाललेल्या बाईला हे समजावून सांगायला नको. तोल गेला की वजन कामाला येत नाही, उलट तेच आपल्याला खाली नेतं. दुसरं म्हणजे तालमीतली वर्षं. सहाव्या वर्षी मातीत उतरलेलं पोर बाराव्या वर्षी सहा वर्षांचं जुनं झालेलं असतं. सोळाव्या वर्षी हौस म्हणून आलेला मुलगा अंगानं मोठा, पण मातीत नवखाच.

आता खाशाबा जाधव यांची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव. जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. खाशाबांनी आठव्या वर्षी त्या भागातल्या नावाजलेल्या मल्लाला दोन मिनिटांत पाडलं, असं त्यांच्याविषयी सगळीकडे सांगितलं जातं. आठ वर्षांचं पोर म्हणजे आपलं तिसरीतलं! पुढं कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले, आणि मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले.

आम्हाला यातला महत्त्वाचा प्रसंग वाटतो तो कॉलेजातला. तिथं वार्षिक खेळ होते. खाशाबा नाव द्यायला गेले, तर त्यांची किरकोळ अंगकाठी बघून खेळाच्या शिक्षकांनी नाव घ्यायचंच नाकारलं. पोरगा घरी गेला नाही, थेट प्राचार्यांकडं गेला. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्यापेक्षा धिप्पाड मल्लांना हरवलं. पुढचं सगळं त्या एका होकारावर उभं राहिलं. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. मातीत वाढलेला गडी तिथं पहिल्यांदा गादीवर खेळला आणि सहावा आला. १९५२ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीला जायचं, तर पुन्हा पैसे नाहीत. गावातून वर्गणी निघाली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कर्जाचा हप्ता भरणाऱ्या बाईला घर गहाण ठेवणं म्हणजे काय, ते आम्ही वेगळं सांगत नाही. तिथून खाशाबा ब्राँझपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं एकट्या खेळाडूनं मिळवलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. कराडला मिरवणूक निघाली, तिच्यात दीडशेच्या आसपास बैलगाड्या होत्या. सरकारनं मात्र त्यांची कदर फार उशिरा केली. अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ साली अपघातात ते गेल्यावर, कितीतरी वर्षांनी.

आपल्या मराठवाड्यातही अशी माणसं झाली. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातले हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा त्यांनी विशीही गाठली नव्हती. उलटंही होतं बरं का. पुढं बेळगावला याच बिराजदारांनी वयानं आपल्याहून लहान, ऐन भरातल्या सतपाल पैलवानाला हरवलं, त्या कुस्तीची आठवण जुनी माणसं अजून काढतात. म्हणजे लहान असणं हा काही वर नाही. पण लहान आहे म्हणून दारातच अडवणं, हे मात्र कुस्तीच्या जुन्या रीतीत बसत नाही.

मग गादी आली आणि तिच्याबरोबर काटा आणि कागद आला. आता वजनाचे गट, वयाचे गट. शाळेच्या स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात. हे चांगलंच झालं, नाहीतर पोरांची हाडं मोडायची. एक त्रास मात्र सुरू झाला. खालच्या गटात बसवायला पोराला उपाशी ठेवतात, पाणी तोडतात. वाढत्या अंगाच्या लेकराला असं वाळवू नका, कुणी वस्ताद सांगत असला तरी. आणि वयाच्या कागदाचं काय बोलावं! आमच्या पिढीतल्या निम्म्या बाया १ जूनला जन्मल्या आहेत. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिली ती तारीख. आईला विचारलं तर ती सांगते, "तू झालीस तेव्हा ज्वारी हुरड्यात आली होती." असा कागद घेऊन चौदा वर्षांखालच्या गटात कोण कुणाशी लढलं, हे देवालाच ठाऊक.

आता मुलींकडं येऊ. मुलगी हौदात उतरली तर तिला जोड कुठली? दुसरी मुलगीच नाही. म्हणून मुलींच्या कुस्तीची सुरुवात सगळीकडं मुलांशी लढूनच झालेली दिसते. उत्तर प्रदेशातल्या हमिदा बानू १९४०-५० च्या काळात बाप्या पैलवानांशी लढत होत्या. १९५४ साली बडोद्यात त्यांनी बाबा पैलवानाला दीड मिनिटाच्या आसपास पाडलं. पण आपल्या महाराष्ट्रानं त्यांना कसं वागवलं? कोल्हापुरात त्यांनी सोमासिंग पंजाबी याला हरवलं, तर लोकांनी हुर्यो केली, दगड मारले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती रद्द करावी लागली, कारण तिथल्या कुस्ती संघटनेची हरकत. कुस्तीची पंढरी म्हणवणाऱ्या कोल्हापुराचा अभिमान आम्हालाही आहे, पण हे पानही त्याच वहीतलं आहे.

ऑलिंपिकमध्ये बायकांची कुस्ती आली ती २००४ साली. म्हणजे खाशाबांच्या पदकाला ५२ वर्षं होऊन गेली होती. हरियाणातल्या बलाली गावच्या फोगाट बहिणी तुम्ही 'दंगल' सिनेमात पाहिल्या. गीता आणि बबिता मुलांशी लढून तयार झाल्या, कारण दुसरं कुणी नव्हतंच. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गीतानं सुवर्णपदक आणलं, बायकांच्या कुस्तीतलं देशाचं पहिलं.

त्याच हरियाणात भगाना गावची अंतिम पंघाल. घरात आधी तीन मुली, ही चौथी. आता मुलगी पुरे, ही शेवटची, म्हणून नाव ठेवलं अंतिम. आपल्याला हे काही परकं नाही. आपल्याकडं नकुशी आहेत. खाशाबांच्याच सातारा जिल्ह्यात २०११ साली नकुसा नावाच्या पावणेतीनशेच्या वर मुलींना समारंभानं नवी नावं द्यावी लागली. तर ही अंतिम ऑगस्ट २०२२ मध्ये बल्गेरियात वीस वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत उतरली. वय १७. समोर वीस वर्षांपर्यंतच्या मुली. ५३ किलोच्या गटात सगळ्यांना हरवून ती पहिली आली. त्या स्पर्धेत भारताच्या कुठल्याच मुलीला आधी सुवर्ण मिळालं नव्हतं. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकली, आणि त्याच वर्षी मोठ्या बायकांच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझही घेतलं. नाव तिनं बदललं नाही.

आपल्या राज्यात महाराष्ट्र केसरीची पहिली कुस्ती १९६१ साली औरंगाबादला झाली, म्हणजे आपल्या दारातच. डिसेंबर २०१८ मध्ये ती जालन्यात आली होती. आपल्या गावातूनही लोक गेले होते. बाला रफिक शेखनं आदल्या वर्षीच्या विजेत्याला, अभिजित कटकेला हरवून गदा घेतली. घरी आलेले बाप्ये आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हते. त्या गर्दीत बाया किती होत्या, ते तुम्हीच सांगा. बायकांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा सुरू झाली ती मार्च २०२३ मध्ये, सांगलीला. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून पहिली गदा उचलली. १९६१ पासून मोजा, ६२ वर्षं लागली.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. आमच्या भागात सातवीतली एक मुलगी भावामागं तालमीत जाते. नववीतल्या मुलाला तिनं दोनदा पाडलं. झालं, गावभर चर्चा. मुलाच्या घरचे म्हणाले, पोरीशी लढायला लावलंत म्हणून आमची बदनामी झाली. मुलीचे चुलते म्हणाले, तेरावं लागलंय, आता मुलांशी झोंबणं शोभत नाही, उद्या सोयरीक कोण करील? काही घरांत मुलीचं तेरावं लागलं की सोयरिकीचं बोलणं निघतं, आणि एकदा ते निघालं की शाळा, खेळ, सगळं मागं पडू शकतं. आम्ही चार जणी तिच्या घरी जाऊन बसलो. वस्तादही आले. ते म्हणाले, पोरीच्या अंगात पट काढायची जी चपळाई आहे, ती माझ्या एकाही पोरात नाही. घर थोडं नरमलं. शेवटी तिची आजी बोलली, "पोरांशी नको म्हणता ना, मग तिच्या तोलाची पोरगी आणा. जोड लावा."

म्हणून आम्ही जोड शोधतोय. राजूरला विचारलंय, भोकरदनलाही निरोप धाडलाय. पस्तीस किलोच्या आसपासची, सहावी ते नववीतली, भावांशी भांडून जिंकणारी मुलगी तुमच्या गावात असेल, तर तिची इयत्ता आणि वजन तुमच्या गटाच्या अध्यक्षांकडून आम्हाला कळवा. मुलगी खेळायची की नाही, ते मात्र तिच्या आईला आधी विचारा, आणि तिलाही.