ऐहोळे : मेगुतीची भिंत काय सांगते

मलप्रभेच्या काठी, कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात ऐहोळे हे खेडे आहे. वस्ती लहान, पण गावात आणि शिवारात शंभराहून अधिक जुनी देवळे. ब्रिटिश अमदानीत हा मुलूख मुंबई इलाख्यातल्या कलादगी जिल्ह्यात मोडत असे. १८७४ च्या सुमारास जेम्स बर्जेस यांनी त्या जिल्ह्यातल्या अवशेषांची पाहणी केली, तेव्हापासून या देवळांचा अभ्यास चालू आहे.

इथल्या देवळांच्या नावांवर भिस्त ठेवून इतिहास लिहू नये. ‘लाडखान’ हे नाव पुढच्या काळात त्या देवळात राहणाऱ्या माणसाचे. ‘दुर्ग’ देऊळ दुर्गादेवीचे नव्हे. त्याच्याभोवती आणि माथ्यावर नंतर झालेल्या तटबंदीवरून ते नाव पडले. त्याच्या प्रवेशद्वारावर चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा याच्या काळचा, म्हणजे आठव्या शतकातला लेख आहे. त्यात आदित्याच्या देवळाला दिलेल्या दानाची नोंद आहे, म्हणून मूळ देव सूर्य असावा असे अभ्यासक मानतात. हुच्चिमल्ली देवळावर विजयादित्याच्या तेराव्या राज्यवर्षाचा, इ. स. ७०८ चा लेख आहे. त्यातले दान तेलाचे. देवापुढचा दिवा तेवत राहावा म्हणून कुणीतरी केलेली ती सोय असणार. युद्धांच्या वर्णनांपेक्षा असा एखादा लेख मला गावाच्या अधिक जवळ नेतो.

गावालगतच्या टेकडीवर मेगुतीचे जैन मंदिर आहे. त्याच्या पूर्वेकडच्या बाहेरील भिंतीवर एकोणीस ओळींचा संस्कृत लेख आहे. जागा केवढी, तर पावणेपाच फूट रुंद आणि दोन फुटांहून थोडी उंच. तेवढ्यात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याची तोवरची कारकीर्द बसवली आहे. कवी रविकीर्ती. मंदिरही त्यानेच बांधविले. काळ त्याने दोन प्रकारे दिला आहे : भारतीय युद्धानंतर ३७३५ वर्षे आणि शक ५५६. म्हणजे इ. स. ६३४-३५. शेवटी तो कालिदास आणि भारवी यांच्या बरोबरीची कीर्ती स्वतःकडे घेतो. त्याचा दावा मान्य करा वा करू नका, पण हे दोघे ६३४ पर्यंत नामांकित झाले होते, एवढे या एका वाक्याने कायमचे पक्के झाले. वाङ्मयाच्या इतिहासाला असा खुंटा क्वचित मिळतो.

मराठी वाचकाने हा लेख आपला म्हणून वाचावा. आप्पायिक आणि गोविंद हे पुलकेशीचे दोन विरोधक भीमरथीच्या, म्हणजे भीमेच्या, उत्तरेकडचा प्रदेश जिंकायला आले. एकाची भीतीने गाळण उडाली आणि दुसरा पुलकेशीला मिळाला. कोकणच्या मौर्यांची पश्चिम समुद्रातली पुरी नगरी शेकडो नौकांनी घेरली गेली. ही पुरी म्हणजे घारापुरी की राजापुरी, हा वाद अजून मिटलेला नाही. तीन ‘महाराष्ट्रक’ आणि त्यांतली ९९,००० गावे याच लेखात येतात. हा आकडा जनगणनेचा नव्हे, प्रशस्तीचा आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

दरबारी कवीचे शब्द पारखायला दुसरा साक्षीदार लागतो. पुलकेशीने उत्तरेकडच्या हर्ष राजाचा पराभव केला, असे रविकीर्ती सांगतो. त्या बाबतीत तो मिळतो. चिनी यात्रेकरू युआन श्वांग हा हर्षाच्या आदरातला माणूस, तरीही महाराष्ट्राचा राजा हर्षाला नमला नाही, असे तो लिहितो. पल्लवांच्या बाबतीत मात्र बाजी उलटते. रविकीर्तीच्या वर्णनात पल्लव राजा कांचीच्या तटाआड दडतो. पण पुढे पल्लवांच्या कुरम ताम्रपटात पुलकेशीच्या पराभवांची रणांगणे नावानिशी दिली आहेत, आणि चालुक्यांची राजधानी बदामी, तिथल्या खडकावर पल्लव नरसिंहवर्म्याचाच लेख कोरलेला सापडतो. रविकीर्ती खोटे लिहून गेला असा निष्कर्ष यातून निघत नाही. त्याने ६३४ साली लिहिले. राजधानी पडली ती ६४२ च्या सुमारास.

खरा धडा आहे तो हर्षयुद्धाच्या सालाचा. नाशिक जिल्ह्यातल्या लोहनेर येथे पुलकेशीचा शक ५५२ चा, म्हणजे ६३० चा ताम्रपट मिळाला. त्यात हर्षावरच्या विजयाचा उल्लेख नाही. एवढा मोठा पराक्रम कोण वगळील? म्हणून युद्ध ६३० नंतर आणि ऐहोळेच्या लेखापूर्वी झाले, असे अनुमान निघाले आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. काही वर्षांपूर्वी श्रीनंद बापट आणि प्रदीप सोहोनी यांनी विजापूर-मुंबई ताम्रपट वाचून प्रसिद्ध केला. तो ६१९ सालचा आहे आणि हर्षाचा पराभव त्यात नोंदलेला आहे. तेव्हा युद्ध त्याआधीच होऊन गेले होते. लोहनेरचा ताम्रपट खोटा नाही, चुकीचाही नाही. त्याच्या गप्प राहण्यालाच आपण पुरावा समजलो. साधनात एखादी गोष्ट नाही, यावरून ती घडली नाही असे ठरवण्याआधी इतिहासकाराने दहादा विचार करावा, तो यासाठी.

राजांचे राज्य गेले, तरी गावाचे नाव लांबवर गाजत राहिले. ‘अय्यावोळेचे (म्हणजे ऐहोळेचे) पाचशे’ ही व्यापाऱ्यांची श्रेणी पुढची कित्येक शतके दक्षिणेत पसरलेली दिसते. कोल्हापूर आणि मिरज येथील शक १०५८ आणि १०६६ च्या कन्नड लेखांत याच परंपरेचे वीर बणंज व्यापारी देवस्थानांना दाने देताना भेटतात. सुमात्रा बेटावर १०८८ सालचा तमिळ लेख आहे, त्यातही पाचशेंचे नाव आहे. त्या पाचशेंपैकी कितीजणांनी मलप्रभेचे पाणी पाहिले होते, हे कोणताच दगड सांगत नाही, आणि तर्काने ती जागा भरण्याचे कारणही नाही.

मेगुतीला जाणारे बहुतेक लोक हर्षाचे नाव शोधून परत फिरतात. त्यांना एक विनंती. तळाच्या ओळींपाशी थोडे थांबा. तो भाग मूळ काव्यानंतर जोडलेला आहे. त्यात कविता नाही, मंदिराला लावून दिलेल्या गावांची यादी आहे : मूलवळ्ळी, पच्चनूर, गंगवूर, पुलिगेरे आणि आणखी काही. मंदिराचा खर्च ज्यांच्या शेतांतून निघायचा, ती ही गावे.