चाल कोणाची?



कोल्हापुरात संगीतावर बोलायचे आणि बोलणारा गवई नसावा, ही गोष्ट आपल्याला जरा विचित्र वाटेल. आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत, पगाराच्या मागण्यांत आणि करारांच्या कागदांत गेले. रागदारीचे शास्त्र आम्ही कोणापाशी शिकलो नाही. जे थोडेफार कळते ते कानाने कळते. परंतु एक प्रश्न विचारण्याची आम्हांला सवय जडली आहे. कोणतीही वस्तू पाहिली की तो तोंडी येतोच : ही घडविली कोणी, आणि तिचे मोल कोणाच्या पदरात पडले? गिरणीतल्या कापडाविषयी हा प्रश्न विचारला तर कोणी हसत नाही. नाटकातल्या पदाच्या चालीविषयी मात्र तो क्वचितच विचारला जातो. आज तो आपण कोल्हापूरच्याच एका कलावंताच्या, गोविंदराव टेंबे यांच्या, चरित्राच्या आधारे विचारू या.

त्याआधी गोविंदरावांच्या पूर्वीची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. गवयाला तेव्हा दरबाराचा आश्रय असे. शाहू छत्रपतींनी अल्लादियाखाँसाहेबांना या नगरीत मानाने ठेवून घेतले, आणि त्यामुळे जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी पंचगंगेच्या काठी रुजली. हे उपकार कोल्हापूर विसरणार नाही. पण आश्रयाला दुसरी बाजूही असते. खाँसाहेब येथे येण्यापूर्वी दुसऱ्या एका संस्थानात होते. तेथे धन्याच्या आवडीखातर अतोनात गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला. पुढे बदललेल्या गळ्याला पेलेल अशी निराळी, वळणावळणाची गायकी त्यांनी स्वतः घडविली. आज आपण तिचे कौतुक करतो. नुकसानीतून त्यांनी संपत्ती निर्माण केली हे खरे, पण म्हणून नुकसान काही खोटे ठरत नाही. १९२२ साली शाहू महाराज निवर्तले आणि खाँसाहेब मुंबईस गेले. धनी उदार असला तरी आश्रय त्याच्या आयुष्याएवढाच.

गोविंदरावांचा जन्म १८८१ सालचा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. त्यांना पेटीचा नाद लागला, आणि ती ते बहुतांशी आपल्या आपणच शिकले. येथे 'आपल्या आपण' या शब्दांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गुरूवाचून शिकणारा माणूस एकटा शिकतो असे नाही. तो सर्वांपासून शिकतो, फक्त शिष्य म्हणून कोणी त्याचे नाव नोंदलेले नसते. कोल्हापुरात १८८३ पासून गायन समाज देवल क्लब होता. गावोगावचे गुणी तेथे येत आणि ऐकणाराला बसायला जागा असे. गोविंदरावांची पाठशाळा ही. पुढे त्यांनी भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ केली. अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे त्यांनी अगदी जवळून ऐकले, गंडा न बांधता कानात साठविले, आणि म्हातारपणी त्यांचे चरित्रही लिहिले. आमच्यासारख्या रात्री कंदिलाशी पुस्तके वाचलेल्या माणसाला या शिक्षणाचे मोल सांगावे लागत नाही.

त्यांचे वाद्यही पाहा. पेटी मूळची परदेशातली. फ्रान्समध्ये १८४२ च्या सुमारास ती सिद्ध झाली. पुढे कलकत्त्याच्या कारागिरांनी ती जमिनीवर बसून हाताने वाजविण्याजोगी केली. तिचे सूर पट्टीगणिक बांधलेले. गळ्याप्रमाणे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, म्हणजे मींड, तिला साधत नाही. एखाद्याने हा दोष पाहून पेटी टाकून दिली असती. गोविंदरावांनी भात्याचा दाब आणि बोटांची सफाई अशी राबविली की तिच्यातून गायकीचा भास व्हावा. हत्यार अपुरे असले की कारागिराचा हात तयार होतो, हे आम्ही फौंड्रीतही पाहिले आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने संगीत नाटकाचा पाया घातला. त्या काळी नाटककारच पदे रची आणि तीही लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर : साकी, दिंडी, कीर्तनातली पदे, लावण्या. चाल बांधणे हे वेगळे काम आहे, ते वेगळ्या माणसाचे असू शकते, हे कोणाच्या मनात नव्हते. १९११ साली किर्लोस्कर मंडळीने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले. त्याच्या चालींसाठी गोविंदरावांना बोलाविले गेले. त्यांनी ख्याल-ठुमरीचे, पूरबेकडच्या गाण्याचे वळण मराठी पदात आणले, आणि ज्याने बैठकीचे तिकीट कधी घेतले नव्हते तो मनुष्यही ती पदे गुणगुणू लागला. नाटककार एक आणि संगीतकार दुसरा, ही विभागणी तेव्हापासून पक्की झाली. मराठी मुलुखात एक नवा धंदा जन्मास आला म्हणा ना!

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. चाली देणारा माणूस येथे भागीदार झाला, ही गोष्ट साधी नव्हे. परंतु तो थोड्याच वर्षांत बाहेर पडला आणि शिवराज नावाची आपली स्वतःची मंडळी त्याने उभी केली. पुढे तीही बंद पडली. नाटक मंडळी चालविणे म्हणजे शंभर माणसांचे जेवण, पडदे-कपड्यांचा खर्च, गाडीभाडे आणि पावसाळ्यातले रिकामे मुक्काम. स्वतंत्र होण्याची किंमत असते, आणि ती रोकडीत मोजावी लागते.

त्यानंतर बोलपट आला. त्याचीही मराठीतली सुरुवात कोल्हापुरातलीच. बाबुराव पेंटरांच्या कंपनीतून बाहेर पडलेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम, आणि त्यांना साथ देणारे सीतारामपंत कुलकर्णी, यांनी १९२९ साली 'प्रभात' काढली. काल पगारावर असलेली माणसे आज आपल्या कंपनीची धनी झाली, हे आम्हांला विशेष वाटते. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव हरिश्चंद्र झाले, दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या, आणि संगीतही गोविंदरावांचेच. मागून दुसऱ्याचा गळा जोडण्याची सोय तेव्हा नव्हती. कॅमेऱ्यासमोर उभे राहून प्रत्यक्ष गावे लागे. पन्नाशीला आलेल्या माणसाने नवे यंत्र, नवे तंत्र अंगी लावून घेतले.

आणि यानंतर, १९४० साली, रेडिओने पेटीला बंदी केली. ती आपल्या संगीताला परकी, तिचे सूर बांधलेले, असे कारण दिले गेले. ही बंदी १९७१ च्या सुमारास सैल होऊ लागली. गोविंदराव १९५५ सालीच गेले होते. ज्या वाद्यावर मनुष्याने आयुष्य घडविले ते सरकारी यंत्रणेने दाराबाहेर ठेवावे, याहून कलावंताच्या परावलंबनाचा दुसरा दाखला कोणता हवा? दरबार गेले, पण दार उघडणारा आणि लावणारा कोणी तरी राहिलाच.

तेव्हा स्वतंत्र कलावंत म्हणजे कोण? आमच्या मते स्वातंत्र्ये दोन आहेत : एक हाताचे, दुसरे पोटाचे. अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात राहूनही पहिले होते; गायकी त्यांची स्वतःची होती. गोविंदरावांनी दुसऱ्यासाठी आयुष्यभर धडपड केली : साथीदार, संगीतकार, भागीदार, मालक, नट, लेखक. इतके वेष त्यांनी पालटले यात काहींना चंचलता दिसते. आम्हांला त्यात पोटाच्या स्वातंत्र्याचा शोध दिसतो.

हा शोध पुढे कायद्याच्या पानांत गेला. १९५७ साली स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा झाला. परंतु १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, उलट करार नसेल तर, पैसे देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता. म्हणजे चाल बांधणारा पुन्हा रोजंदारीचा मजूर! २०१२ साली कायदा दुरुस्त झाला. चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेले तर त्याच्या उत्पन्नात गीतकार-संगीतकारांचा समान वाटा राहील आणि तो हक्क त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही, असे ठरले. हक्क लिहून देता न येणे, ही तरतूद आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. गरजवंत माणूस कोणत्याही कागदावर सही करतो. हे ज्याने एकदा पाहिले त्याला तिचा अर्थ कळेल.

शेवटी एक आठवण. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी आणि आपले केशवराव भोसले धैर्यधर. त्या रात्रीची गोष्ट मराठी माणूस शंभर वर्षे सांगत आला आहे. दोन्ही गळे थोर खरे. पण त्या गळ्यांतून जे वाहिले ते बहुतांशी गोविंदरावांचे होते, हे किती जण सांगतात? शाहू महाराजांनी बांधविलेले आणि पुढे केशवरावांचे नाव मिळालेले आपले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, तेव्हा सारे कोल्हापूर रस्त्यावर हळहळले. भिंती पुन्हा बांधता येतात. तसे काम हातीही घेतले गेले. परंतु विसरलेले नाव कोणता कंत्राटदार उभे करणार?

म्हणून आपणांस एवढीच विनंती. यापुढे एखादे पद आवडले, टाळी वाजविली, की शेजाऱ्याला विचारा : चाल कोणाची? उत्तर आले नाही तर निवेदकाला विचारा. कष्टाला नाव मिळाले की दामाचा हिशेब मागता येतो. आमच्या चळवळीने आम्हांला एवढेच शिकविले, आणि गोविंदरावांच्या आयुष्याने त्याला सूर दिला.