न खणलेल्या जागेचा हिशेब

विहार तलाव 1860 साली पुरा झाला तो मुंबई शहराची तहान भागवायला. अंधेरी, बोरिवली, मुलुंडची गावठाणं त्यानंतरही कितीतरी काळ विहिरींवरच होती. विहीर खणायची तर आधी पाणाड्याला बोलवायचं, ही महाराष्ट्रभरची रीत. हातात दुबेळकी फांदी नाहीतर तळहातावर आडवा नारळ घेऊन तो फिरतो; फांदी झुकली, नारळ उभा राहिला की तिथे खूण. पुढे विहिरींच्या जागी सोसायट्यांच्या बोअर आल्या, फांदीच्या जागी तांब्याच्या तारा आल्या, पण दावा तोच राहिला: जमिनीखालचं पाणी मला जाणवतं. ‘त्याने दाखवलं तिथे पाणी लागलं’ एवढ्यावर तो सिद्ध मानला जातो, आणि मला तिथेच अडखळायला होतं. उपनगरांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. खाली काळा पाषाण, आणि त्याला भेगा किती असतात ते अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब पाहिले की कळतं. अशा भेगांत आणि वरच्या मुरमात पाणी मुरतं. इथे डोळे मिटून बोट ठेवलं तरी पुष्कळदा पाणी लागेल. पाणाड्याने ‘नाही’ म्हटलेल्या जागी ते किती वेळा लागलं असतं? तिथे कोणी खणतच नाही.

कोणी म्हणेल, ही अनुभवी नजर आहे. असेलही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत झाडं-वारुळांवरून भूजल ओळखण्यावर अख्खा अध्याय लिहिला. पण ते निरीक्षण झालं, अतींद्रिय जाणीव नव्हे. दोन्ही वेगळी काढायची तर जमीनच झाकावी लागते. 1987-88 मध्ये म्युनिकजवळ एका कोठारात तळमजल्यावर पाण्याचा नळ सरकवत ठेवला आणि वरच्या मजल्यावरून त्याची जागा ओळखायला सांगितली. सुमारे 500 पाणाड्यांतून निवडलेले 43, चाचण्या 843. प्रयोगकर्त्यांना सहा जण खरे वाटले. जेम्स एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा त्यांत योगायोगापलीकडे काही उरलं नाही. (फांदी झुकते ती लबाडीने नव्हे, नकळत हात हलतो; प्रेतात्म्यांच्या बैठकांत फिरणाऱ्या टेबलांबाबत फॅरेडेने 1853 मध्ये हेच दाखवलं होतं.) नळ म्हणजे जिवंत झरा नव्हे, हा आक्षेप उरतोच. मग खऱ्या झऱ्यावर मोजू: पाणाड्याची एक जागा, चिठ्ठी टाकून काढलेली दुसरी, अशी बोअरची जोडी, तीही पंचवीस-तीस आवारांत. बोअरवाला फुटावर पैसे घेतो. पहिल्या बोअरला पाणी लागल्यावर दुसरीला कुठल्या सोसायटीची सभा मंजुरी देईल?