गेगोंगच्या वर्गात, मागच्या रांगेत

तुम्ही दोघं तयार व्हा. सामान फार नको. एक शाल, एक स्वेटर आणि चढावर चालायला जमतील असे बूट पुरेत. गुडघ्याची गोळी मात्र आठवणीने घ्या, कारण जायचं आहे तिथे डोंगर आहेत.

जिल्हा परिषदेच्या शाळांत आयुष्य घालवून तुम्ही निवृत्त झालात आणि मराठवाड्यातल्या मुकुंदवाडीत घर बांधून स्थिरावलात. पेन्शन वेळेवर येते, नातवंडं सुट्टीत येतात. पण जूनमध्ये शाळेची घंटा ऐकू आली की दोघांनाही चुकल्यासारखं होतं. अशात मुलाने सांगितलं की परदेशातली कितीतरी निवृत्त जोडपी चीनमध्ये जाऊन शिकवतात, तुम्ही का नाही? तेव्हापासून घरात हाच विषय आहे. या वयात, भाषेचा गंध नसताना, इतक्या लांब जाऊन जमेल का? सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. आपण मात्र ज्यांनी हे केलं त्यांच्याच वर्गात जाऊन बसू.

मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. जालना रोडवरच्या गाड्यांचा आवाज विरत जातो. सिडकोच्या इमारती नाहीशा होतात, विमानतळही दिसेनासा होतो. हे १९३८ आहे, ऑगस्टची अखेर. चहूकडे शेतं, बाजरी पोटऱ्यात आलेली. राज्य निजामाचं आणि रूळ मीटरगेजचे. ही छोटी गाडी तुम्हाला मनमाडला सोडेल. तिथे मोठ्या रुळांच्या गाडीत बसा आणि मुंबई गाठा.

१ सप्टेंबर. बंदरात ‘राजपुताना’ ही बोट उभी आहे. चीनवर जपानने चढाई केली त्याला वर्ष उलटून गेलंय. चिनी सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी देशाला हाक दिली, लोकांनी वर्गणी गोळा केली आणि पाच डॉक्टर निघाले. अटल, मुखर्जी, बसू यांच्याबरोबर आपल्याकडचे दोघं आहेत. उंच कपाळाचा, हसतमुख तरुण म्हणजे सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. वय सत्तावीस, मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले. दुसरे नागपूरचे डॉ. चोळकर. त्यांच्याकडे नीट बघा. साठीच्या घरात आलेला हा माणूस युद्धभूमीवर निघाला आहे. वयाचा प्रश्न घेऊन तुम्ही घरातून निघालात ना? मग बोट सुटेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढू नका.

पुढचा प्रवास भरभर करू. हाँगकाँग, तिथून कँटन, मग यांगत्से नदीच्या काठाने आत. मागे एकेक शहर पडतंय, पुढे ही माणसं सरकताहेत. १९३९च्या फेब्रुवारीत ते यानआनला, चिनी कम्युनिस्टांच्या तळावर पोहोचतात. चोळकर आणि मुखर्जी त्याच वर्षी परततात, अटल पुढच्या वर्षी. कोटणीस आणि बसू राहतात. चीनमध्ये याच कामाला आलेले कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून रक्तात विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. जखमी सैनिकाची शस्त्रक्रिया करताना बोट कापलं, तेवढं निमित्त झालं. त्यांचं नाव दिलेलं रुग्णालय जानेवारी १९४१ पासून कोटणीसांच्या हाती आहे आणि बेथ्यून यांच्याच नावाच्या शाळेत ते शिकवतात.

आता थांबा. आलो आपण. हबेई प्रांत, तांग परगणा, गेगोंग गाव. १९४२चा ऑक्टोबर.

थंडी लागतेय? शाल घ्या. मातीच्या भिंती, पलीकडे तायहांगचे उघडे डोंगर, अंगणात बोरासारखी लाल फळं वाळत घातलेली. खळ्यावर पिवळीधमक कणसं दिसतात ना, ती राळ्याची. तुमच्या आजीने राळ्याचा भात शिजवला असेल, तेच हे धान्य. इथे शिक्षक, विद्यार्थी, रुग्ण सगळे त्याचीच पेज पितात. मराठवाड्याच्या पोटाला ती परकी वाटणार नाही.

वर्ग भरलाय. मागच्या रांगेत बसा. तुम्ही कुणाला दिसत नाही. गेलेल्या काळात आपल्याला बसायला मिळतं, बोलायला मिळत नाही.

सर, तुम्ही फळ्याकडे बघा. कोटणीस मांडीचं हाड काढताहेत, त्याच्या आतल्या अंगाने जाणारी मोठी रक्तवाहिनी काढताहेत. बोलणं सगळं चिनीत. चार वर्षांपूर्वी या माणसाला यातला एक शब्द येत नव्हता. समोर शेतकऱ्यांची पोरं आहेत, काही जणांचं अक्षरज्ञान सैन्यात आल्यावरचं. त्यांच्यापुढे अवघड शब्द टाकून चालत नाही. म्हणून ते एका पोराला पुढे बोलावून आडवा करतात. जांघेत नेमकं कुठे अंगठा रोवायचा, वरून पट्टी कशी आवळायची आणि आवळल्याची वेळ का लिहून ठेवायची, कारण फार वेळ राहिली तर पायच जातो. मग दुसऱ्याला करायला लावतात. त्याचा अंगठा चुकतो, ते हात धरून तो बोटभर सरकवतात. तिसरा, चौथा, पाचवा. सगळ्यांना जमेपर्यंत फळा पुसला जात नाही. तुम्ही अपूर्णांक असेच शिकवायचात.

बाई, तुम्ही पलीकडच्या अंगणात चला. गुओ छिंगलान शुश्रूषा शिकवतात. शांशी प्रांतात जन्मलेल्या, परिचारिकेचं रीतसर शिक्षण घेतलेल्या, आणि याच शाळेत शिक्षिका. कोटणीसांशी ओळख झाली १९४०च्या उन्हाळ्यात, बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात. लग्न १९४१च्या नोव्हेंबरात झालं. आज त्यांचा धडा वापरलेल्या पट्ट्यांचा आहे. रक्त गार पाण्यात काढायचं, पट्टी उकळायची, उन्हात वाळवायची, मग घट्ट गुंडाळून ठेवायची, कारण नवीन पट्टी येईल याचा भरवसा नाही. एका मुलीची गुंडाळी सैल पडते. छिंगलान ती उलगडून तिच्या हातात परत देतात. ओरडत नाहीत, स्वतः करूनही देत नाहीत. घरात त्यांचं दोन महिन्यांचं बाळ आहे, यिनहुआ.

तुमच्या नोकरीत बदल्यांनी किती छळलं, ते इथे आठवेल. ‘पती-पत्नी एकत्रीकरणा’साठी किती अर्ज केलेत, किती वर्षं एकजण एका तालुक्यात आणि दुसरं दुसऱ्या तालुक्यात काढलीत. या दोघांना एकाच शाळेत जेमतेम वर्षभर मिळालं. आणि शाळासुद्धा कशी! जपानी फौजांची मोहीम निघाली की फळा, भांडी, औषधं खेचरांवर लादायची, जखमींना उचलायचं आणि डोंगर चढायचा. जिथे थांबतील तिथे पुन्हा तास सुरू. इमारत नसली तरी ती शाळा आहे, कारण शिकवणारे दोघं आणि शिकणारे सगळे एकत्र आहेत.

संध्याकाळी कोटणीस लिहायला बसतात. चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेच्या मूलतत्त्वांचं पाठ्यपुस्तक त्यांनी पूर्ण केलंय, पुढच्या पुस्तकाची पानं चालू आहेत. तुम्ही हस्तलिखितं वाचलेली माणसं आहात, ही पानं किती काळजीने लिहिली आहेत ते बघताच कळेल. त्यांना अपस्माराचे झटके येतात. उपचारासाठी दुसरीकडे जा, असं वरिष्ठांनी सुचवलं, ते गेले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ला पहाटे ते जातील, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. पुस्तक अर्ध्यावर राहील. हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. म्हणून थोडा वेळ नुसते सोबतीला बसा.

परत फिरताना वाटेत आणखी थोडं बघून घ्या. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला आणि देशाच्या मनात ‘डॉ. कोटणीस’ कायमचे ठसले. यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेतानाच १९६७ मध्ये गेला. एवढं सोसूनही छिंगलान भारतात सासरच्या माणसांना भेटायला येत राहिल्या आणि २०१२ मध्ये दालियान शहरात वारल्या. शिजियाझुआंगमध्ये कोटणीसांची समाधी आहे. त्याच शहरात त्यांच्या नावाचं वैद्यकीय विद्यालयही आहे, तिथली मुलं त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात.

आपण त्यांना डॉक्टर म्हणून आठवतो, पण मला या वर्गात बसल्यावर ते आधी शिक्षक वाटतात. शस्त्रक्रियेने एकेक माणूस वाचला. वर्गात मात्र शंभर हात तयार झाले आणि ते हात गावोगाव गेले. परक्या मुलांची भाषा आधी स्वतः शिकायची, मग त्या भाषेत त्यांना शिकवायचं, आणि जोडीदारानेही शेजारच्या अंगणात तेच काम तितक्याच निष्ठेने करायचं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथे आहे. भाषा शिकता येते. वयाचं म्हणाल, तर चोळकर साठीच्या घरात निघाले होते. तब्येतीचं गणित मात्र डॉक्टरांना विचारून मांडा. आणि शिकवायची ओढ असेल तर एकट्याने जाऊ नका, दोघं मिळून जा.

चीनचं ठरेल तेव्हा ठरेल. त्याआधी एकदा सोलापूरला जाऊन या. त्यांच्या घराचं तिथे स्मारक केलंय. नातवंडांना सोबत न्या आणि त्यांना सांगा, या घरातला मुलगा चीनमध्ये मास्तर झाला होता, आणि त्याची बायकोही शाळेतली बाई होती.